पाइपावरचे वडील

वडिलांना बसायला खुर्ची दिली होती, पण उठू देत नव्हते.

खुर्ची शिंप्याच्या दुकानासमोर, गल्लीच्या मधोमध. एका बाजूला शिंपी, गळ्यात टेप, दातांत टाचण्या. दुसऱ्या बाजूला घरमालकीण, मुठीत किल्ली. वडिलांची पँट गुडघ्यावर फाटली होती आणि चेहरा मात्र पहिला नंबर आलेल्या मुलासारखा फुलला होता.

मुलगी धावत आली.

"बसने आली कोपऱ्यापर्यंत," समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून म्हणाल्या. "धावली तिथून पुढे."

बरं. मुलगी बसने आली आणि कोपऱ्यापासून धावली.

"बाबा, काय केलंत?"

"काहीच नाही. करूच दिलं नाही," वडील अभिमानाने म्हणाले.

ते घरमालकिणीच्या इमारतीच्या पाइपावर चढत होते. हा पाइप थेट वरच्या रिकाम्या खोलीच्या खिडकीपाशी जातो. ती खोली मुलीला भाड्याने मिळणार होती, फक्त घरमालकिणीची अट होती, की घरच्या मोठ्या माणसाने एकदा येऊन जागा बघावी आणि हो म्हणावं. मोठा माणूस अशी जागा बघेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तर वडील चढत होते, आणि...

"चढत कुठले? लोंबकळत होते," तळमजल्यावरची बाई म्हणाली.

लोंबकळत होते.

"हे तुझे वडील?" शिंप्याने टाचण्यांच्या फटीतून विचारलं.

"हो."

"नीट बघून सांग. घाई नाही."

"माझेच आहेत हो, काका. लिफ्ट तपासायचं काम करायचे. आता रिटायर झालेत. कुठलीही वस्तू मोडायचा प्रयत्न केल्याशिवाय त्यांना चांगली वाटत नाही."

"बागेजवळची ती मोठी सोसायटी आहे ना," वडिलांनी खुर्चीतूनच सुरुवात केली, "कॅमेरे, फाटक, सगळा थाट. मी तिथून एक सायकल उचलून बाहेर नेली. रखवालदाराने फाटक उघडून धरलं."

"अरे देवा. मग?"

"मग काय, परत नेऊन ठेवली. तेव्हा त्याने सलाम ठोकला. स्टेशनमागच्या गल्लीत एका बंद दाराशी खटपट करत होतो, तर एकाने घरातून तार आणून दिली. म्हणाला, काका, याने उघडा. आणि इथे?" त्यांनी फाटका गुडघा सगळ्यांना दाखवला. "दुसरा पाय उचलायच्या आत खाली खेचला मला!"

"मी खेचलं," शिंपी म्हणाला.

"आवाज मी दिला," आजी म्हणाल्या.

"वा!" वडील म्हणाले.

मुलीने घाईघाईने घरमालकिणीकडे बघितलं. "मावशी, म्हणजे त्यांचा होकारच आहे. किल्ली..."

"थांब गं," घरमालकीण म्हणाली. "परवा जागा बघायला तुझ्याबरोबर आला होता तो चष्मेवाला कोण?"

वडिलांची मान हळूच वळली. "कोण चष्मेवाला?"

"एजंट," मुलगी म्हणाली.

"एजंटाला मी ओळखतो," शिंपी म्हणाला. "एजंट दुसऱ्याची पर्स धरून उभा राहत नाही."

"ऑफिसातला आहे. सहज आला होता."

"सहज आला आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं," तळमजला.

"तीनदा," आजी.

मुलीचे कान लाल झाले. वडील खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी आवाज खाली आणला. "आला कशाने?"

"स्कूटरने."

"नंबर?"

तळमजल्यावरच्या बाईने नंबर सांगितला. पाठच होता. डाव्या बाजूचा आरसा फुटलाय, हेही सांगितलं.

वडील उभे राहिले. आता कुणी अडवलं नाही. "उत्तम!" ते म्हणाले. "बाळा, डोळे मिटून घे ही जागा. इथे तुला कधी काही होणार नाही."

मुलीने वर बघितलं. खिडकीखिडकीत कोपरं टेकलेली. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधूनसुद्धा डोळे. स्वतःचं एक दार असावं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते कधीपासूनचं हवं होतं हे तिलाही आता आठवत नव्हतं. खरंच, इथे तिला कधी काही होणार नव्हतं. काहीच.

घरमालकिणीने किल्ली पुढे केली. मुलीने ती घेतली.

"काका," ती शिंप्याला म्हणाली, "तुम्ही पडदे शिवता?"

शिंप्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "शिवीन की. या गल्लीत कधी कुणी मागितले नाहीत."

"जाड हवेत."

खिडक्यांतून माना बाहेर आल्या.

"जाड कशाला?" तळमजल्याने विचारलं.

वरून एक गठ्ठा आला आणि धपकन वडिलांच्या पुढ्यात पडला. गडद हिरवं कापड. घडीच्या रेषा पिवळ्या पडलेल्या, घडी मात्र कधी मोडलेली नव्हती.

"माझे आहेत," आजी म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा आणले होते. तेव्हाही सगळ्यांनी हेच विचारलं."

वडिलांनी सवयीने एक पडदा दोन्ही हातांनी जोर लावून ताणला. फाटेना. मग उलगडून उंच धरला. सगळी गल्ली पडद्याच्या अलीकडे राहिली, मुलगी एकटी पलीकडे, भिंतीला टेकून.

"काय करतेय ती?" तळमजल्यावरच्या बाईने मान वाकडी करून विचारलं.

"दिसत नाही," शिंपी म्हणाला.

"अहो आजी, तुम्ही सांगा ना. काय करतेय?"

आजी वर होत्या. त्यांना पडद्याच्या पलीकडचं सगळं स्पष्ट दिसत होतं.

"मलाही काही दिसत नाही," आजी म्हणाल्या.