चेंडू सुटला तेव्हा

कोच हॉलिफील्डनी व्हर्नेलला पहिल्या रांगेत बसवलं आणि तिच्या कोटावरचा, मुलाच्या फोटोचा बिल्ला स्वतःच्या हाताने सरळ केला.

"व्हर्नेलबाई, बोलायचं काहीच नाही. नुसतं दिसायचं. आई समोर बसलेली असली की पोराला शिक्षा सुनावायला कुणाची जीभ रेटत नाही."

चौकशी हॉटेलच्या दिवाणखान्यात होती, दोन्ही कॉलेजांपासून सारख्याच अंतरावर. मागच्या रांगेत तीन खेळाडू टाय लावून बसले होते. मधला व्हर्नेलचा टेरियन. तिघांच्या आया पुढे.

"असा काय चेहरा करून बसलीस गं?" शेजारी बसलेली दुसरी आई, मार्लीन, कुजबुजली. "जिंकलोय आपण. हरले की हिरव्यांना दर वर्षी अंगण वाकडंच दिसतं."

व्हर्नेलने हसल्यासारखं केलं.

हिरव्यांशी, म्हणजे हिरव्या जर्सीच्या त्या दुसऱ्या कॉलेजशी, अमेरिकन फुटबॉलचा सामना म्हणजे गावाचं वर्षाचं पोटभर अन्न. सामना संपत आला असताना चेंडू हिरव्यांच्या हातून निसटला आणि वेड्यावाकड्या उड्या मारत मैदानाच्या पार दुसऱ्या कडेला गेला. खेळाडू धावले, पंच धावले, कॅमेरे वळले. सगळ्या स्टेडियमच्या माना वळल्या. व्हर्नेलची वळली नाही. टेरियन पहिल्यांदा हेल्मेट घालून मैदानात उतरला तेव्हापासून तिला चेंडू कधी दिसलाच नव्हता. ती फक्त त्याला बघायची. पडला का, उठला का.

म्हणून तिला दिसलं. हिरव्यांचा कोल्बी प्रुइट पालथा पडला होता. टेरियन त्याला ओलांडून पुढे गेला, थांबला, मागे आला. टाच उचलून त्याने त्या पोराच्या गुडघ्याच्या लवणीत सगळं वजन दिलं. मग तोही चेंडूमागे धावला.

रविवारी पास्टरांनी विजयाबद्दल देवाचे आभार मानले. सगळं चर्च 'आमेन' म्हणालं. व्हर्नेल सोडून. नवरा गेल्यापासून ती रोज पहाटे पलंगाशी बसून टेरियनसाठी प्रार्थना करायची, एक दिवस चुकला नव्हता. आता त्याचं नाव ओठांवर आलं की मागोमाग दुसरं यायचं. कोल्बी. सांगायचं कुणाला? सामन्याच्या आठवड्यात गावात हिरवा टॉवेलसुद्धा कुणी दोरीवर वाळत घालत नाही. त्या पोरासाठी जीव तुटतोय, हे कुठल्या दारात जाऊन बोलायचं?

टेरियन जेवायला आला. चिकन मागून मागून खाल्लं.

"मॉम, गप्प का तू?"

"घसा बसलाय."

"चहात मध घालून घे," तो म्हणाला. मग भांडी घासली, तिच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि गेला. वाईट मुलगा असता तर सोपं होतं.

वसंतात मोठे व्यावसायिक संघ नवी मुलं निवडणार होते. टेरियनचं नाव घेतलं जात होतं. आज डाग लागला की ते दार बंद. आणि कोल्बी आता कधी पळणार नव्हता, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

चौकशीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, बोलायला मऊ. डॉक्टरांनी सांगितलं, कातडीवर बुटाच्या खिळ्यांचे ठसे आहेत, कुणीतरी मुद्दाम उभं राहिलंय. जवळ होते ते हेच तिघे. तिघेही एकच वाक्य बोलले. "साहेब, मी चेंडूकडे बघत होतो." चित्रफितीतही चेंडूच होता.

मग कोल्बीची आई उठली. जोलीन प्रुइट. लहानखुरी बाई, अंगात हिरवा स्वेटर. तिच्या रांगेतल्या बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

"तुम्ही काय पाहिलंत, बाई?"

"पाय पाहिला. यांच्या संघाचा, मरून रंगाचा मोजा. वर गेला, खाली आला."

"कुणाचा?"

"नाही माहीत. मी वर बघितलंच नाही. माझे डोळे माझ्या पोरावर होते."

मागून कुणीतरी हसलं. "वा, पाय दिसला आणि माणूस नाही दिसला."

"एवढ्यावर मी कुणाचं नाव घेऊ?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटणं होतं.

"तेच तर," जोलीन म्हणाली. पण खाली बसली नाही. बसलं की सगळं संपणार, हे तिला कळत असावं. ती तशीच उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, कुणाकडेच न बघता.

कोचनी पाय लांब केले. मार्लीनने व्हर्नेलचा हात दाबला, झालं म्हणून.

"आणखी कुणाला काही सांगायचंय?" अध्यक्षांनी चष्मा काढत विचारलं. रीत असते म्हणून.

व्हर्नेल उठली.

"व्हर्नेलबाई," कोच हसऱ्या तोंडाने, दातांमधून म्हणाले, "बसा. गरज नाही त्याची."

"मॉम," मागून टेरियन म्हणाला. अगदी हळू. लहानपणी ताप चढला की म्हणायचा तसं.

तिने मागे बघितलं नाही. बघितलं असतं तर बसली असती. ती अध्यक्षांशी नाही, दिवाणखान्याच्या पलीकडे एकट्या उभ्या असलेल्या जोलीनशी बोलली.

"ताई, तो पाय कुणाचा ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "माझेही डोळे माझ्या पोरावर होते."