चार खांबांवरचं घर

वास्तुशांतीच्या दिवशी धाकट्या दिराने भिंतीवर टिचकी मारली होती. "वहिनी, याला काय घर म्हणायचं? डबा आहे नुसता!" पंगतीत हशा पिकला होता. वृंदाने स्वतः आखलेलं ते घर कारखान्यात तयार होऊन ट्रेलरवरून आलं होतं आणि चार खांबांवर बोल्टने बसवलं होतं. भिंत सरकवली की अख्खा डोंगर आत यायचा.

नवरा गेला आणि वर्ष सरायच्या आत तोच दीर दारात उभा राहिला. "जागा बाबांच्या नावावर आहे, म्हणजे घरही आमचंच. तुम्ही माहेरी जा."

"जाते," वृंदा एवढंच म्हणाली.

दुसऱ्या सकाळी अंगणात क्रेन आली. वृंदाने पदर खोचून शेवटचा बोल्ट स्वतः पान्याने सोडला आणि घर पडद्यांसकट अधांतरी झुललं. दीर बनियनवरच धावत आला.

"अहो वहिनी, घर कुठं नेताय?"

"घर कुठलं, भाऊजी? डबा आहे नुसता. माहेरी नेतेय."