पेन्सिलीच्या मिश्या

माझ्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला नातीने, तनुजाने, माझी जुनी मुखपृष्ठं फ्रेम करून भिंतीवर लावली. मुलांच्या मासिकांची ती बावीस मुखपृष्ठं मी पंचेचाळीस वर्षं पत्र्याच्या पेटीत, मध्ये बटर पेपर घालून जपली होती. हडपसरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हाही ती पेटी टेम्पोत चढवू दिली नव्हती. रिक्षात मांडीवर घेऊन बसले होते.

"आजी, कुणी गं एवढी घाण केली होती?" तनुजा हसत म्हणाली. "राजाला मिशी, राणीला मिशी, हत्तीलासुद्धा मिशी! जुने कागद साफ करणाऱ्या एका बाईंकडे महिनाभर दिली होती. आता पेन्सिलीची एक रेघ सापडणार नाही तुला. बघ तरी!"

मी चष्मा लावून एकेक फ्रेम जवळून पाहिली. खरंच, एकही रेघ राहिली नव्हती.

"छान झालंय हो," मी म्हणाले आणि तिच्या हातावर पेढा ठेवला.



त्या मिश्या माझ्या मुलाने, हेमंतने, काढल्या होत्या. स्वतःची मिशी फुटायच्या वयापर्यंत तो पोचलाच नाही.