कॅनच्या बाहेरचा दिवा

साहेब, मेलेल्या माणसावर खापर फोडताना तुमची जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मोझेसनं वळताना इशाराच दिला नव्हता, असं विम्याचा दावा फेटाळताना तुम्ही भरल्या ऑफिसात त्याच्या बायकोला, रोझीला, सुनावलंत.

मोझेस मोटारसायकलवरून दूध घालायचा. मागं दोन्ही बाजूंना कॅन लटकायचे आणि त्यांच्याआड इंडिकेटर झाकून जायचे. देवळाली प्रवराच्या फाट्यावर, डेअरीकडे उजवीकडे वळताना त्याला मागून ट्रकनं उडवलं.

आता तीच गाडी दुरुस्त करून रोझी चालवते. इंडिकेटर कॅनच्या बाहेर काढून घ्यायला ती भर दुपारी वैजनाथ मिस्त्रीकडे गेली.

"वैनी, पट्टी लांब लावतो. आंधळ्यालाबी दिसंल."

"आंधळ्याचं सोडा, डोळंवाल्यांना दिसू द्या!" रोझी फणकारली.

वैजनाथनं बॅटरी काढून ठेवली, वायरी कापल्या आणि उजवा इंडिकेटर सोडवून हातात घेतला. तो पेटला. विझला. पुन्हा पेटला.

वैजनाथनं तो चटका बसल्यासारखा टाकून दिला. फरशीवर पडूनही तो लुकलुकतच राहिला, आणि गाडीतून टिकटिक यायला लागली.

रोझीनं तो उचलला. थंडगार होता. तशीच ती पायी निघाली आणि तुमच्यासमोर येऊन तिनं तो टेबलावर आपटला. काच फुटली, आतल्या बल्बचा चुरा झाला. त्या चुऱ्यातून पिवळा उजेड तुमच्या तोंडावर पडत राहिला, विझत राहिला.

"सायेब, इशारा दिला न्हवता म्हनता, मग ह्यो अजून कुनाला थांब म्हनतोय? बोला!"