थकलेला आवाज

भर दुपारी यंत्रणेने हवाई वाहतूक नियंत्रक विश्राम खांडेकरांचा माईक बंद केला आणि ते उतरवत असलेली विमानं शेजारच्या विमानतळाकडे वळवली. नियंत्रकाच्या आवाजातला थकवा ओळखणारी ही यंत्रणा अभियंता अन्विता रेगेने बनवली होती. ती बसवल्यापासून अपघात थांबले होते. मग आता एवढी माणसं कशाला, असं म्हणून वरच्यांनी निम्मे नियंत्रक घरी पाठवले आणि उरलेल्यांच्या पाळ्या लांबवल्या.

"अन्विता, मला परत बसव," खांडेकर काकुळतीला येऊन म्हणाले. "आणखी एकदा मला उठवलं गेलं, तर नोकरी जाईल माझी."

नियंत्रकाचं काम कसं चालतं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. सकाळपासून अशाच तक्रारी निस्तरून तीही पार गळून गेली होती. तिने माईक ओढला. "अभियंता रेगे बोलतेय. खांडेकरांना पुन्हा जागेवर घ्या."

"आदेश स्वीकारता येत नाही," यंत्रणा म्हणाली. "आपण थकलेल्या आहात."

अन्विता मटकन खुर्चीत बसली. यंत्रणेचं काहीच चुकलं नव्हतं.

तेवढ्यात संचालकांचा फोन आला. "रेगे, विमानं दुसरीकडे चाललीत! ती यंत्रणा आधी बंद करा."

"नाही करणार, सर."

"म्हणजे?"

"आम्ही दोघंही दमलोय. ताजी माणसं पाठवा, तोवर इथे विमान उतरणार नाही."

संचालक ओरडत राहिले. तिने रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि खांडेकरांसाठी शेजारची खुर्ची ओढली.