पट्टीखालचं नाव

ओमेश लुगड्याच्या झोळीत झोपला की प्रेरणा लॅपटॉप उघडायची. कोर्टाच्या जुन्या कागदांचे स्कॅन टाइप करायला यायचे. पानावर दिसतं तेवढंच लिहायचं, काळ्या पट्टीखाली काय असेल याचा अंदाज करायचा नाही, एवढाच कामाचा नियम.

त्या दुपारी सासूबाई धानाच्या बांधीकडे निघाल्या. "एका हातानं झोळी, एका हातानं कोर्ट! बरं चालून राहिलं वो तुझं!" त्या हसत गेल्या.

पान एका लेकराच्या ताब्याच्या खटल्यातलं होतं. लेकराचं नाव काळ्या पट्टीनं झाकलेलं. पट्टी इवलीशीच. आपल्या ओमेशचं नाव हिच्यात बरोब्बर मावेल, असं तिला कौतुकानं वाटलं, आणि पेंगुळल्या बोटांनी तेच टाइप झालं.

पुढच्या पानाच्या समासात कुणीतरी निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'नाव मिळाले. हजर करावे.'

प्रेरणानं घाईघाईनं मागे जाऊन नाव खोडलं.

त्यापुढच्या पानाची कड धरलेला एक इवला हात स्कॅनमध्ये आला होता. मनगटाला काळा दोरा होता, दोन गाठींचा, सकाळी तिनंच बांधलेला. त्याशेजारी निळ्या शाईत एकच शब्द होता, 'हजर.'

झोळीची दोरी अजून तिच्या हातातच होती. तिनं ती ओढली.

झोळी फार हलकी आली.