मूठभर लेंड्या

थोरलीने धाकट्या जावेचं मनगट सशाच्या पिल्लांच्या पेटीतच पकडलं. धाकटीच्या मुठीत सशाच्या लेंड्या होत्या, हरभऱ्याएवढ्या, गोल, मूठभर. आणि पेटीत बारा दिवसांची नऊ पिल्लं होती, नुकतेच डोळे उघडलेली. ती पेटी थोरलीने अर्ध्या तासापूर्वी गरम पाण्याने पुसून लख्ख केली होती.

"हे तुझे धंदे होय!" ती किंचाळली. "आणि मी मेली इथे जंतू शोधत बसलेय!"

धाकटीने मूठ सोडली. लेंड्या गवतावर सांडल्या. धुतलेल्या पेटीत ती घाण पाहून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

महिन्याभरात एकवीस पिल्लं गेली होती. पेटीत असेपर्यंत गुटगुटीत. आईचं दूध सुटून गवताला तोंड लावलं, की दोन-चार दिवसांत पोट फुगायचं, शेपटीखाली चिकटा व्हायचा आणि सकाळी पिंजऱ्यात एक गार गोळा पडलेला असायचा. पाळीव ससे नेणाऱ्या दुकानदाराने निरोप धाडला होता, आणखी एक आजारी पिल्लू आलं तर तुमच्याकडचे ससे बंद. सशांची शेड बांधताना घरातल्या कुणीही तिच्या बाजूने शब्द काढला नव्हता. आता तेच सगळे, 'आम्ही सांगत नव्हतो का' असा चेहरा करून जेवायला बसत.

आणि चुकलं कुठे, तर कुठेच नाही! फरशी रोज धुतलेली. पेट्यांत केर औषधालाही सापडायचा नाही. प्रोबायोटिक पावडरचा डबा तिने कपाटात कुलपात ठेवला होता. पोटातले चांगले जंतू वाढवणारी पावडर, असं डब्यावर लिहिलं होतं. रोज सकाळी चमच्याने मोजून ती पाण्यात कालवायची, आयांना द्यायची, दूध सुटलेल्या पिल्लांना द्यायची. स्वतःच्या मुलांना कधी इतकं वेळेवर औषध दिलं नसेल तिने. तरी पिल्लं मरत होती. म्हणजे घरातच कुणीतरी पाण्यात पाहत होतं, दुसरं काय?

बाहेर स्कूटर थांबली. जनावरांचा डॉक्टर आत आला. थोरलीनेच सकाळी फोन करून बोलावलं होतं त्याला.

"या डॉक्टर, रोगाचं कारण सापडलंय," ती म्हणाली. तिने धाकटीला मनगटाला धरून पुढे ओढलं. "हे काय, समोर उभं आहे. मी पेटी साफ करते आणि ही बया मागून घाण आणून टाकते. आजपासून हिने शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तुम्हीच साक्षीला आहात."

डॉक्टर पेटीवर वाकला. एक पिल्लू पुढ्यातली लेंडी मन लावून कुरतडत होतं. थोरलीने ती काढायला हात घातला.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाला. "खाऊ दे त्याला."

"शी! अहो, घाण आहे ती!"

"त्याच्या आईची आहे. आई दिवसातून एकदा पाजायला येते आणि जाताना चार लेंड्या पेटीत टाकून जाते. पिल्लं त्या खातात. आईच्या पोटातले जंतू असेच त्यांच्या पोटात जातात, म्हणून तर पुढे गवत पचतं." त्याने पेटीचा ओलसर कोपरा बोटाने पुसून पाहिला. "पेट्या रोज धुता का?"

"दोनदा," थोरली म्हणाली. हे ती आजवर मान ताठ करून सांगत आली होती.

"मग त्यांना मिळणार कुठून? पावडर वाईट नाही, वहिनी. पण एका हाताने चमचाभर द्यायचं आणि दुसऱ्या हाताने सगळं पुसून काढायचं, असं चाललंय तुमचं." तो उठला. "सगळीच गेली का?"

"नाही. दाराजवळच्या पिंजऱ्यातली सातही जगली." तिने घरभर सांगितलं होतं, बघा, पावडरीचा गुण.

"तिथे काय वेगळं केलंत?"

थोरलीने दाराकडे पाहिलं. दाराजवळच्या पेटीवरूनही तिचाच फडका फिरला होता, तसाच दोनदा, तितकाच घासून.

"तुम्ही पुसून गेलात की तिथे मी आईच्या लेंड्या टाकत होते," धाकटी म्हणाली. "उघड्या दारामागे तेवढीच पेटी तुमच्या डोळ्याआड होती. आज म्हटलं, ही नऊ तरी वाचवावीत."

डॉक्टरने बॅगेत काहीतरी शोधण्याचं निमित्त केलं. थोरलीच्या कानशिलांत रक्त उसळलं होतं. एकवीस पिल्लं. तिच्याच फडक्याने. एवढा राग कुठे ठेवावा ते तिला कळेना, म्हणून तो सवयीप्रमाणे धाकटीवरच गेला.

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का? एकवीस जीव गेले! सांगायला काय झालं होतं तुला?"

धाकटीने मनगट सोडवून घेतलं. त्यावर थोरलीची चार बोटं लाल उमटली होती. या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिने मान वर करून थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं.

"सांगितलं होतं, ताई. पहिलं पिल्लू गेलं त्याच दिवशी, सगळे जेवायला बसले असताना. तुम्ही म्हणालात, तोंड नको चालवूस, हात चालव." तिचा आवाज रागाने थरथरत होता. "म्हणून हात चालवले."